वाचकांचे प्रश्न : ‘स्वतःच्या बळावर’ म्हणजे नेमकं कोणाच्या?

मागच्या अंकात सत्कारांवर चार ओळी लिहिल्या होत्या. निकाल लागला की चौकात फ्लेक्स, फेटा, डीजे, आणि माईकवरून ‘याने करून दाखवलं, मग तुम्ही का नाही’, हे ऐकून मागे उभ्या असलेल्या पोरांचं काय होत असेल, एवढंच विचारलं होतं मी. त्यावर खान्देशातून पत्रंच पत्रं आली, काही प्रेमाची, काही चांगलीच तिखट. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये, आपल्याकडे तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न : ताई, आमच्या जेठांचा मुलगा मागच्या वर्षी क्लास वन झाला. घर एकत्रच होतं, दोन्ही पोरं एका ताटात जेवलेली. माझा लहाना मेन्सपर्यंत जाऊन येतो, एकदा तर दोन-चार मार्कांनी राहिला. आता तो कोणाच्या लग्नाला येत नाही, जत्रेला नाही, पाहुणे आले की मागच्या दाराने निघून जातो. त्याचे पप्पा रोज म्हणतात, “त्याला काय वेगळं खाऊ घालत होते का, एकच घर, एकच पाणी.” पुतण्या स्वभावाने चांगला आहे हो, पण सत्कारात बोलतो की कारणं सांगणारे कधी पुढे जात नाहीत, आणि माझं पोरगं तिथे मान खाली घालून बसतं. काय करू? (एक आई, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, आधी त्याच्या पप्पांना एक हिशोब वाचून दाखवा, माझं नाव सांगून दाखवा, राग मला येऊ द्या. २०२३ च्या यूपीएससी सिव्हिल सर्व्हिसेसला १० लाखांवर अर्ज होते, पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ९२ हजार, मेन्सला पात्र झाले १४ हजार ६२४, मुलाखतीला गेले २ हजार ८५५, आणि शेवटच्या यादीत १ हजार १६. म्हणजे मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचलेल्यांतले सुद्धा तिघांमधले जवळपास दोघं घरी परत आले. हे सगळे आळशी होते? कारणं सांगणारे होते? एमपीएससीचं गणित आकड्यांनी वेगळं असेल पण जात तीच, जागा मूठभर आणि पोरं जिल्हाभर.

यात अजून एक गंमत आहे. रॉबर्ट फ्रँक नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी कंप्युटरवर खोट्या स्पर्धा लावून बघितल्या, एक लाख स्पर्धक, गुणांमधे ९८ टक्के वजन हुशारी आणि मेहनतीला, आणि नशिबाला फक्त २ टक्के. तरी चारातल्या तीनपेक्षा जास्त वेळा पहिला आलेला स्पर्धक हा हुशारी-मेहनतीत सगळ्यात वरचा नव्हताच! कारण साधं आहे, गर्दी मोठी असली की वरच्या टोकाला सारख्याच तयारीची शेकडो माणसं जमतात आणि मग शेवटची चाळणी त्या २ टक्क्यांचीच असते, म्हणजे त्या दिवशी ताप होता का, निबंधाचा विषय कालच वाचलेला निघाला का, पेपर तपासणाऱ्याचा मूड काय होता. पुतण्याने मेहनत केली नाही असं यातून निघत नाही हां. मेहनत केली म्हणूनच तो त्या गर्दीच्या टोकाला पोचला. तुमचा लहानाही तिथेच पोचला होता, दोन-चार मार्कांनी राहणं म्हणजे तेच की.

आणि एकच घर, एकच पाणी हे आईबापांना वाटतं, तसं कधी नसतं. मोठा पुण्याला अभ्यासाला होता तेव्हा कापसाला भाव काय होता, लहान्याच्या वेळी काय होता? घरात आजारपण कोणत्या वर्षी आलं? जाहिरात कोणाच्या वयात वेळेवर निघाली? करोनाच्या काळात राज्यसेवेची पूर्व परीक्षा कितीदा पुढे गेली ते आठवा, १४ मार्च २०२१ ची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती, मग ती २१ मार्चला झाली. ज्याच्या घरून अजून सहा महिने मेसचे पैसे येत राहिले तो टिकला, ज्याच्या बापाने फोन करून सांगितलं की बेटा आता ये घरी, तो बॅग भरून आला. त्याचा फ्लेक्स कुठे लागत नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात वाईट काय वाटतं सांगू? यश हे फक्त ज्याच्या त्याच्या कष्टाचं, असं एकदा घरात ठरलं की त्याचं उलटं वाक्य कोणी न बोलता आपोआप तयार होतं, की राहिला तो स्वतःमुळे राहिला. आपले आजे-पणजे हरले की नशिबावर टाकून मोकळे व्हायचे, ते काही फार शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही, त्या नशिबाच्या नावाखाली कितीतरी अन्याय पचवले लोकांनी, पण माणसाला श्वास घ्यायला निदान एक फट होती. आता ती पण बुजवली आपण. हरायचं, आणि वरून हरण्याची लाज पण एकट्यानेच वाहायची. म्हणून तो मागच्या दाराने जातो.

करायचं काय, तर पुतण्या चांगला आहे म्हणता ना, मग थेट त्याच्याशीच बोला, जेठांकरवी नको. त्याला म्हणा, बेटा पुढच्या सत्कारात एवढंच सांग की माझ्या बरोबरीचा अभ्यास असलेली पोरं माझ्यासोबत होती आणि ती राहिली. अधिकारी झालेल्याच्या तोंडून हे एक वाक्य आलं तर तुमच्या माझ्या शंभर समजावण्यांपेक्षा जास्त काम होईल. लहान्याशी परीक्षेचं सोडून बाकी सगळं बोला, पुढचा प्रयत्न करायचा की नाही ते त्याचं त्याला ठरवू द्या, फक्त दुसरी वाट धरली तर तिला ‘हार मानली’ म्हणू नका. आणि झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगून काय करू असलं काही तोंडातून निघत असेल तर वाट बघत बसू नका, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः लावून बघितलात तरी चालेल.

प्रश्न : राम राम ताई. मी केळीवाला माणूस. बापाने कर्ज सोडून काही ठेवलं नव्हतं, आज जे आहे ते माझ्या घामाचं. तुमचा मागचा लेख वाचून डोकं फिरलं. गावात उठसूट पंचनामा करा, अनुदान द्या, माफी द्या, अरे मी केलं ना, तुम्ही पण करा! बायको म्हणते तुम्ही आता कोणाच्या दारावर जात नाही, बोलणं पण कडक झालंय. खरं बोललं की कडकच लागतं. माझं चुकतं कुठे ते सांगा. (रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, घाम खरा आहे तुमचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना बागेत उभं राहणं काय असतं ते एसीत बसून लिहिणाऱ्याने शिकवू नये, मीही शिकवत नाही. पण तुम्ही विचारलंय म्हणून विचारते.

मे-जूनचं वादळ तुम्ही पाहिलंय. निसवलेली बाग, घड लागलेले, आणि अर्ध्या तासात एका पट्ट्यातली खोडं आडवी, मधला एक बांध सोडून पुढची बाग उभी. त्या बांधाच्या अलीकडे तुमचं शेत होतं की पलीकडे, यात घाम किती? सीएमव्ही हा केळीचा विषाणू रोग आला, आपण हरण्या म्हणतो तो, तर रोपं उपटून फेकावी लागतात, आणि रोपं कोणत्या लॉटमधली आली ते तुम्ही थोडीच ठरवलं होतं. बोअर तुम्हीही घेतला, शेजाऱ्यानेही घेतला, तुमच्याला पाणी लागलं. माल कापायला आला तेव्हा भाव चढा होता, पंधरा दिवसांनी पडला, आणि केळी काही कोठारात ठेवता येत नाही, पिकली की गेली. कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) करणाऱ्याला एक वर्ष साधतं आणि मृगबागवाल्याला (पावसाळ्याच्या तोंडावरची) दुसरं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, फक्त स्वतःची गोष्ट सांगताना ते सगळं गळून जातं.

बरं हे झालं नशिबाचं. माणसांचं काय? हतनूरचं धरण कोणी बांधलं, त्यासाठी कोणाची जमीन पाण्याखाली गेली? टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं, ठिबकवरचं सरकारी अनुदान, सावदा-रावेरहून दिल्लीला केळी नेणारी रेल्वे, २०१६ ला जळगावच्या केळीला मिळालेलं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, यातलं काहीच तुम्ही किंवा मी एकट्याने उभं केलेलं नाही. अनुदानाचा तुम्हाला राग येतो, पण ठिबकचं अनुदान घेतलंत तेव्हा ते ‘माझा हक्क’ वाटलं असेल, हो ना? माझ्या ओळखीत तर सगळ्यांनाच वाटलं.

हे तुमचं एकट्याचं नाही, माणसाची खोडच आहे ही. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात पॉल पिफ म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी दोघा-दोघांना मोनोपॉली खेळायला बसवलं, आपला व्यापार डाव असतो ना, तसलाच. नाणं उडवून एकाला दुप्पट पैसे दिले, त्याला फासे दोन आणि समोरच्याला एकच. सगळं उघड्यावर, लपवाछपवी काही नाही. थोड्या वेळात श्रीमंत खेळाडू आवाज चढवायला लागले, सोंगट्या आपटायला लागले, मधे ठेवलेल्या ताटलीतला खाऊ पण जास्त खायला लागले! शेवटी विचारलं की कसे जिंकलात, तर आपण कोणती जागा कधी घेतली, कसं डोकं लावलं ते सांगत बसले. नाण्याचं नाव नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या खेळात हे होतं तर वीस वर्षांच्या शेतीत काय होत असेल.

आणि चुकतं कुठे म्हणाल तर इथे चुकतं. कर्जमाफीवर तुम्ही खुशाल वाद घाला, पैसा भलत्यालाच पोचतो असं माझंही मत आहे. पण गावात ज्याचं बोलणं ऐकलं जातं, तलाठी ज्याला चहा विचारतो, तोच माणूस एकदा म्हणाला की मला कोणाची गरज पडली नाही, की मग गावच्या विकासो सोसायटीच्या (पीककर्ज देणारी सहकारी संस्था) मीटिंगला तो जात नाही, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही याची तक्रार तो करत नाही कारण तो गाडी काढून जळगावला जातो, झेडपीच्या शाळेचं छप्पर गळतं हे त्याला कळतच नाही कारण त्याची पोरं तिथे नाहीत. मग ते सगळं हळूहळू मोडतं, आणि मोडलं की तुम्हीच म्हणता, बघा, सरकारी म्हटलं की असंच. अहो तक्रार ज्याची ऐकली गेली असती तोच बाहेर पडला होता. पुढच्या वादळात खोडं तुमची आडवी झाली तर पंचनाम्याला तलाठ्याला गाठायला पोरं धावतील ती त्याच शेजाऱ्यांची. वहिनी म्हणतात ते ऐका.

प्रश्न : ताई, आमच्या आजोबांनी घर बांधायला विप्रोचे शेअर विकले, बाजूच्या काकांच्या वडिलांचे पेटीत पडून राहिले. आता काका कोट्यधीश आणि रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आम्हाला मेहनतीवर लेक्चर देतात. हसू की रडू? (अमळनेर)

उत्तर : हसा भो, हसा. अमळनेरइतका हा विषय अख्ख्या महाराष्ट्रात कुठे स्वच्छ दिसत नाही. १९४५ ला तुमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच ही विप्रो, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, १९६६ ला वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परत आले तेव्हा ते २१ वर्षांचे होते, आणि पुढे तीच कंपनी कंप्युटरकडे वळेल हे ना तुमच्या आजोबांना माहिती होतं ना काकांच्या वडिलांना. तेल-तुपाचा कागद म्हणून घेतला होता, एकाला घराची गरज लागली, एकाला लागली नाही. तुमच्या आजोबांनी पोराबाळांच्या डोक्यावर छप्पर घातलं, यात मूर्खपणा कुठला? काकांना एवढंच विचारा की काका, पेटीचं कुलूप उघडायला लागू नये यासाठी तुम्ही नेमकी कोणती मेहनत घेतली. चहा मिळायचा बंद होईल, तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी धडगाव भागात शिक्षक आहे. स्टाफरूममधे रोज ऐकतो की या पोरांनाच शिकायचं नाही, हुशार असेल तो कुठूनही वर येतो, चिखलातून कमळ वगैरे. मला पटत नाही पण उत्तर पण देता येत नाही, कारण दोन-चार पोरं खरंच वर गेलीत. (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, त्या दोन-चार पोरांचं मनापासून कौतुक. पण त्यांचा वापर बाकीच्या पोरांविरुद्ध साक्षीदार म्हणून होतोय, हे स्टाफरूमला सांगा.

दिवाळी झाली की तुमच्या पाड्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत निघतात, पोरं सोबत, होळीला कशीबशी परत येतात आणि काही तर त्यानंतरच. म्हणजे दुसरं सत्र गेलंच. घरात पावरी नाहीतर भिली, पुस्तकात पुण्याची मराठी. अशा पोराने चौथीत भागाकार करून दाखवला तर तो शहरातल्या ९५ टक्केवाल्यापेक्षा कमी चाललाय असं कोणी म्हणावं? निकालात फक्त कुठे पोचला ते छापतात, कुठून निघाला ते छापतच नाहीत.

आणि हुशार असेल तो वर येतोच म्हणणाऱ्यांना आपल्या बहिणाबाईंचं उदाहरण द्या. ते लोक पण तेच देतात, फक्त अर्धं देतात. आसोद्याची बाई, १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या. प्रतिभा कोणी दिली नाही, तिची स्वतःची. पण त्या ओव्या कागदावर आल्या कशा? मुलगा सोपानदेव स्वतः कवी निघाला, त्याने आणि घरातल्या माणसाने त्या उतरवून घेतल्या. १९५१ ला बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ते कागद आचार्य अत्र्यांच्या नजरेला पडले आणि १९५२ ला पुस्तक निघालं. मुलगा शिकला नसता तर? कागद अत्र्यांपर्यंत गेले नसते तर? आज ज्यांच्या नावाने विद्यापीठ आहे त्यांचं नाव जळगावात पण कोणाला माहिती नसतं. आणि मला दुसराच प्रश्न पडतो, त्याच काळात त्याच तापीच्या खोऱ्यात अशा अजून किती बाया जात्यावर गाऊन गेल्या असतील ज्यांचा सोपानदेव नव्हता. त्या हुशार नव्हत्या म्हणून गेल्या असं ठरवून टाकायचं का?

तुमचे सहकारी वाईट आहेत असं मला वाटत नाही, थकलेत. १९६६ चा एक प्रयोग आहे मेल्विन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. मुलींना दाखवलं की समोर एकीला चुकीच्या उत्तरासाठी विजेचे झटके बसतायत (खरे नव्हते, नाटक होतं). ज्यांना तिचं हाल थांबवायची संधी दिली त्यांच्यातल्या बहुतेकींनी ते थांबवलं. ज्यांना नुसतं बघत बसायला लावलं आणि झटके चालूच राहणार म्हणून सांगितलं, त्या तिलाच नावं ठेवायला लागल्या, की तीच तशी असेल. जग न्यायाने चालतं असा विश्वास टिकवायचा तर समोरच्याचं दुःख त्याच्याच चुकीचं ठरवावं लागतं. दहा-पंधरा वर्षं दर दिवाळीला अर्धा वर्ग रिकामा होताना बघणारा शिक्षक ‘यांनाच शिकायचं नाही’ म्हणतो तेव्हा मला तेच दिसतं. म्हणून त्यांच्याशी भांडू नका, त्यांना हाताला काहीतरी काम द्या. स्थलांतराच्या काळात पोरांना मागे ठेवता येईल अशी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेत आहे, कोणती पोरं जाणार त्याची यादी दिवाळीच्या आधी हातात हवी, आजी-आजोबांशी बोलणं व्हायला हवं. ते काम वाटून घ्या. झटके थांबवणाऱ्या मुली नावं ठेवत बसल्या नव्हत्या.

प्रश्न : ताई, मुलांना मग मेहनत करा सांगायचं की नाही? (भुसावळ)

उत्तर : सांगायचं, अगदी सांगायचं. फक्त निकालाच्या दिवशी सांगू नका.

प्रश्न : मी जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. आमच्याकडे वशिला अजिबात नाही, मालकांनी भिंतीवर पण लिहून ठेवलंय की इथे फक्त काम बोलतं. पगारवाढ पूर्ण कामावर. तरी बायकांची कुरकुर असते की आम्हाला कमी मिळतं. हे कसं शक्य आहे? (जळगाव)

उत्तर : शक्य आहे, आणि भिंतीवर लिहिलंय म्हणून जरा जास्तच शक्य आहे. २०१० साली एमिलिओ कॅस्टिला आणि स्टीफन बेनार्ड या दोघांनी अमेरिकेत कामाचा अनुभव असलेल्या लोकांना मॅनेजर बनवून बोनस वाटायला लावला, कागदावर पुरुष आणि बाई दोघांचं काम अगदी सारखं. ज्यांना सांगितलं की आमची कंपनी गुणवत्तेलाच मानते, त्यांनीच पुरुषाला जास्त बोनस दिला. ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं त्यांच्यात हा कल दिसला नाही. आपण तर न्यायीच आहोत अशी खात्री झाली की माणूस स्वतःचा निर्णय परत तपासून बघत नाही, आणि न तपासलेल्या निर्णयात आपल्या सगळ्या जुन्या सवयी आरामात बसतात, त्याला तर घर चालवायचंय, हिचा नवरा कमावतोच, ही काय उद्या लग्न होऊन जाईल.

कुरकुर आहे की खरं आहे ते एका दुपारात कळेल. मागच्या तीन वर्षांच्या वाढीचा कागद काढा, एकाच मशीनवर, एकाच शिफ्टला, सारखी हजेरी असलेले पुरुष आणि बायका समोरासमोर लिहा. ओव्हरटाइम वेगळा काढा, कारण रात्री थांबता येत नाही म्हणून कोणाचं ‘काम’ कमी दिसतं ते तिथेच सापडेल. वाढ कोणाला का दिली याचं कारण सुपरवायझरकडून एका ओळीत लेखी घ्या, आणि हे दिवाळीच्या बोनसच्या आधी करा, नंतर केलं तर मालक म्हणतील आता पुढच्या वर्षी बघू.